अस्वल आणि करवंटी

माझी मुलगी ज्या भाषेचा अभ्यास करते ती भाषा बोलणारं आज कोणी नाही. पूर्वी होतं, पण ते इतक्या पूर्वी, की त्या लोकांचा एकही शब्द कुणी लिहून ठेवलेला नाही. या भाषेवर ती पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात, पीएच.डी. करत होती. इथे नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीत, आमच्या मराठी मंडळींना हे सांगितलं की सगळे जरा थांबायचे आणि मग विचारायचे, "पण पुढे स्कोप काय?" मी म्हणायचो, मलाही तेच विचारायचंय. मग विषय पोह्यांवर जायचा.

मी स्वतः औषधांच्या कंपनीत तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झालो. डबीवर जे लिहिलंय ते गोळीत खरंच आहे का, हे बघणं माझं काम. सापडलं तर किती सापडलं ते लिहायचं. नाही सापडलं तर 'नाही सापडलं' असं लिहायचं. 'असावं बहुतेक' असं लिहायची आमच्याकडे सोय नव्हती. या नोकरीमुळे माझा स्वभाव खडूस झाला असं माझी बायको म्हणायची. खरं म्हणजे स्वभाव आधीपासून तसाच होता, नोकरी त्याला शोभून दिसली, इतकंच.

मुलीनं पहिल्यांदा तिच्या शब्दांचा तक्ता मला ईमेलनं पाठवला तेव्हा प्रत्येक शब्दाच्या आधी एक छोटासा तारा छापलेला होता. मला वाटलं, तळटीप आहे. मी पानाच्या तळाशी गेलो. तळाशी काही नव्हतं. मी फोन केला.

"बाबा, तो स्टार म्हणजे हा वर्ड कोणी ऐकलेला नाही," ती म्हणाली. "कुठे लिहिलेला पण नाही. आम्ही तो रीकन्स्ट्रक्ट केलाय."

"म्हणजे अंदाजपंचे."

"अंदाज नाही. मेथड आहे."

ही मेथड पुढचे कित्येक रविवार तिनं मला फोनवर समजावली. अथाबास्कन म्हणून भाषांचं एक मोठं घराणं आहे. त्यातल्या बऱ्याच भाषा अलास्कात आणि कॅनडाच्या वायव्येला. काही थोड्या कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनच्या किनाऱ्याजवळ. आणि मग एकदम खाली, ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, नवाहो आणि अपाची. मध्ये जवळजवळ अर्धा देश मोकळा. या सगळ्या बहिणी आहेत हे कळतं ते त्यांचे शब्द शेजारी शेजारी मांडून. एका भाषेत अमुक आवाज असला की दुसरीत त्याच जागी तमुक आवाज येतो, आणि तो दर वेळी तसाच येतो. मग उलट हिशेब करत मागे जायचं, की या सगळ्यांच्या आईचा मूळ शब्द कसा असेल. तो शब्द मिळाला की त्याच्या आधी तारा. ताऱ्याचा अर्थ, आम्ही इथवर विचार करत आलो, ऐकायला मात्र आमच्यापैकी कोणी हजर नव्हतं.

"आणि एवढं करून उपयोग काय?" मी विचारलं.

"वर्ड असेल तर वस्तू होती, बाबा."

त्या आईच्या भाषेत बर्फावर चालायच्या जाळीदार बुटांना शब्द होता. होडीला शब्द होता. बर्च नावाच्या झाडाला होता, ज्याची साल कागदासारखी सोलून निघते. म्हणजे ही माणसं बर्फातली, पाण्याकाठची, उत्तरेकडची. मक्याला मात्र सगळ्यांचा मिळून असा शब्द नाही. नवाहो लोक आज मका पिकवतात, खातात, मक्याला फार मानतात, पण त्यांच्या मक्याच्या शब्दाचा अर्थ 'परक्यांचं अन्न' असा लावतात. वाळवंटात आल्यावर शेजाऱ्यांकडून मका घेतला आणि नावात ते प्रामाणिकपणे नमूद केलं. ही गोष्ट मला आवडली. आमच्या लॅबमध्येसुद्धा कच्चा माल कुठून आला ते डबीवर लिहावंच लागायचं.

मग पळी. नवाहो लोक भोपळ्याच्या कवचाची पळी करायचे, आणि तिला जो शब्द वापरायचे तो मुळात शिंगाचा शब्द. मी म्हटलं, भोपळ्याचा शिंगाशी काय संबंध? तिनं सांगितलं, उत्तरेकडचे त्यांचे भाऊबंद डोंगरातल्या मेंढ्याच्या शिंगाची पळी कोरतात. खाली वाळवंटात भोपळा मिळाला, पळी भोपळ्याची झाली, नाव शिंगाचंच राहिलं. बी पेरायला जो शब्द तो उत्तरेत जमिनीवर पसरलेल्या बर्फाशी नातं सांगतो. घोड्याला जो शब्द तो मुळात कुत्र्याचा. घोडा स्पॅनिश लोकांबरोबर आला तेव्हा सामान वाहणारा, घराशी बांधलेला, असा एकच प्राणी त्यांना माहीत होता.

मी हे सगळं ऐकून "ठीक आहे" म्हणालो. मी ठीक आहे म्हणणं म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. पुढच्या रविवारी तिनं आणखी दोन पानं पाठवली.

आता हे सगळं मी का ऐकत होतो, तेही सांगतो. माझी बायको दोन वर्षांपूर्वी गेली, थोड्याच दिवसांच्या आजारात. ती गेल्यानंतर एका रविवारी मुलगी फोनवर तिच्याबद्दल काहीतरी म्हणाली, आणि मी रडलो. बरंच रडलो. मुलीनं मला आयुष्यात कधी रडताना ऐकलेलं नव्हतं. ती घाबरली. तेव्हापासून तिनं आईचा विषय काढला नाही, आणि तिला नको असेल म्हणून मीही काढला नाही. बर्फ, टायर, माझं कोलेस्टेरॉल, अलास्का, सगळ्यावर आम्ही बोलायचो. थँक्सगिव्हिंगला ती घरी आली तर "फोडणीचा डबा पूर्वी इथे असायचा ना?" असं विचारायची. पूर्वी म्हणजे कधी, कोणाच्या राज्यात, ते दोघांनाही ठाऊक होतं. मला एकच हवं होतं, की या घरात कुणीतरी तिच्या आईबद्दल मोठ्यानं बोलावं. माझ्याच्यानं ते होत नव्हतं आणि मुलगी ते करत नव्हती. मग शिंगाची पळी तर शिंगाची पळी.

त्या वसंतात तिचं पीएच.डी.चं शेवटचं भाषण ठरलं. परीक्षकांसमोर उभं राहायचं, प्रकरणं मांडायची, प्रश्नांना उत्तरं द्यायची. ठरल्याबरोबर मी आमच्या मंडळींना सांगितलं आणि मंडळींनी ताबडतोब तारीख मागितली.

हे जरा सांगायला हवं. कॅरीत आमच्यापैकी कुणाच्याही मुलाचं काही मोठं असलं की आधी कुणाच्या तरी हॉलमध्ये त्याची रंगीत तालीम होते. स्पेलिंग बीची झाली आहे, भरतनाट्यमची झाली आहे, एका मुलाच्या मेडिकल कॉलेजच्या इंटरव्ह्यूचीसुद्धा झाली. लोक पोहे खातात आणि मग खऱ्या परीक्षकांना सुचणार नाहीत असे प्रश्न विचारतात. इंटरव्ह्यूवाल्या मुलाला एका काकांनी तू लग्न कधी करणार असं विचारलं होतं. तो म्हणे नंतर खऱ्या इंटरव्ह्यूत कशालाच घाबरला नाही.

मुलगी स्प्रिंग ब्रेकमध्ये गाडी चालवत घरी आली. शनिवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये सोफे सरकवले, टीव्हीला तिचा लॅपटॉप जोडला. आमच्यातले सगळ्यांत जुने डॉक्टर, हृदयाचे, आता निवृत्त, पुढच्या खुर्चीत बसले. त्यांची बायको, आमच्या वहिनी, पोहे घेऊन आल्या. नागपूरचा एक आयटीतला तरुण आणि त्याची बायको समोरच्या घरातून आले. बाकी चार-पाच जण नेहमीचे.

मुलगी मराठीत सुरू करायची, मध्येच इंग्लिशमध्ये जायची, डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघून परत मराठीत यायची. नकाशा झाला, बर्फाचे बूट झाले, होडी झाली. डॉक्टरांनी हात वर केला.

"अगं, पण हे सगळं शेवटी संस्कृतातूनच आलं असणार ना?"

"नाही काका. वेगळीच फॅमिली आहे."

"अथाबास्कनमध्ये 'अथ' आहे."

"ते नाव एका तळ्यावरून, लेकवरून पडलंय, काका. आणि लेकचं नाव क्री लोकांच्या लँग्वेजमधलं. ती पण तिसरीच फॅमिली."

"बघ, विचार कर," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आयुष्यात अनेकांची हृदयं उघडून पाहिली आहेत, त्यामुळे कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी काय असतं याबद्दल त्यांना शंका नसते.

मग शिंगाच्या पळीची गोष्ट आली, आणि तिच्यानंतरच्या स्लाइडवर एकदम आमच्या घरातला प्लॅस्टिकचा पेला.

राइस कुकरबरोबर येतो तो. अर्धपारदर्शक, कडेला रेघा, तळाशी जरा पिवळा पडलेला. तांदळाच्या डब्यात तो कायम असतो. आमच्या घरात त्याला करवंटी म्हणतात. दोन करवंट्या तांदूळ, तीन करवंट्या तांदूळ. मुलगी इथेच जन्मली, तिला वाटायचं, जगात या पेल्याचं नावच ते. शाळेत लहान असताना घरच्या एका पदार्थाची कृती लिहून आणायची होती, तेव्हा तिनं इंग्लिशमध्ये 'टू करवंटीज ऑफ राइस' असं लिहिलं होतं. बाईंनी विचारलं, हे काय? हिनं सांगितलं, राइस कुकरबरोबर येते ती. बाईंच्या घरी राइस कुकर होता. करवंटी सापडली नाही.

हॉलमध्ये सगळे हसले. "अगं करवंटी म्हणजे नारळाची!" वहिनी म्हणाल्या.

"एक्झॅक्टली, काकू. मला ते कॉलेजमध्ये डिक्शनरीत कळलं." ती स्क्रीनकडे वळली. "म्हणजे नॉर्थ कॅरोलिनातल्या या एका घरात, पूर्वी कधीतरी, राइस खऱ्या करवंटीनं मोजत असतील. शिंगाच्या पळीसारखंच. पण ते कोणी रेकॉर्ड केलेलं नाही. सो, स्टार."

पेल्याच्या चित्राखाली लिहिलं होतं, 'तांदूळ मोजायची नारळाची करवंटी', आणि आधी एक तारा.

"कुणाच्या घरातली गं ही?" नागपूरच्या मुलाच्या बायकोनं विचारलं. ती कॅरीत नवीन होती.

"एका घरातली," मुलगी म्हणाली आणि पुढची स्लाइड लावली.

मी मागे, डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर बसलो होतो. त्या ताऱ्याचा मला इतका राग आला की मी पोह्यांची बशी खाली ठेवली. कोणी ऐकलेलं नाही, कोणी पाहिलेलं नाही, हा त्याचा अर्थ तिनंच मला शिकवला होता. पण बोलायचं तर 'तुझी आई' इथूनच सुरुवात करावी लागली असती, आणि समोर आठ माणसं पोहे खात बसली होती. मी बशी परत उचलली.

शेवटी प्रश्न. नागपूरच्या मुलानं चांगला प्रश्न विचारला. "तू म्हणतेस मक्याला जुना शब्द नाही, म्हणून मका नव्हता. पण यार, शब्द सापडला नाही म्हणजे वस्तू नव्हती, हे कसं काय? डेटाबेसमध्ये फील्ड ब्लँक असलं तर त्याचा अर्थ काहीही असू शकतो."

मी मनात म्हटलं, आता बघू. हाच माझा दोन वर्षांचा आक्षेप होता.

"हो, नुसत्या ब्लँकवरून काहीच म्हणता येत नाही," ती म्हणाली. "मक्याच्या बाबतीत त्यांचा नवीन शब्दच सांगतो, की हे दुसऱ्यांचं आहे. म्हणून ते बोलता येतं. पण अस्वल घ्या."

तिनं लॅपटॉप बाजूला सारला. हे बहुतेक स्लाइडवर नव्हतं.

"उत्तरेकडच्या काही गावांत अस्वलाचं नाव सरळ घेत नाहीत. बायका तर नाहीच घेत. अस्वल फार मोठं, त्याला ऐकू जातं, त्याचा मान ठेवायचा. मग आडून आडून काहीतरी म्हणतात. असं खूप वर्षं चाललं की जुना शब्द मागे पडतो आणि आडून म्हटलेलंच शिल्लक राहतं. आता माझ्यासारखी कोणी नुसती लिस्ट बघेल तर तिला वाटेल, या लोकांनी अस्वल कधी पाहिलंच नाही. आणि बाहेर जंगल अस्वलांनी भरलंय. दुसऱ्या बहिणींकडे तो शब्द टिकला, नवाहोत टिकला, म्हणून कळतं की आईकडे होता." तिनं लॅपटॉप परत समोर ओढला. "सो कधीकधी वर्ड नसतो, कारण ती गोष्ट घरात सगळ्यांत मोठी असते."

मग वहिनी म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे नाही का? बांगडी फुटली म्हणत नाहीत. वाढवली म्हणतात."

यानंतर तालीम हातातून गेली. नारळ वाढवतात, कुणीतरी म्हणालं. दुकान वाढवतात. नागपूरच्या मुलानं सांगितलं, त्याच्या आजोळी अंधार पडल्यावर साप म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं. निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. प्रत्येकाला आपापल्या घरचं एकेक आठवत होतं आणि जो तो दुसऱ्याला थांबवून सांगत होता. डॉक्टरही पुढे सरसावले. "आणि हॉस्पिटलमध्ये आम्ही कधी 'मेला' म्हणायचो नाही. 'गेला' म्हणायचो."

एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वहिनींनीच सगळ्यांना विचारलं, चहा कोण कोण घेणार. सगळ्यांनी घेतला. ज्यांना चहा वर्ज्य आहे त्यांनीही घेतला.

मंडळी दुपारी गेली. जाताना दारात प्रत्येकानं "येतो" म्हटलं आणि म्हटल्यावर प्रत्येक जण हसला. डॉक्टरांनी मुलीच्या पाठीवर थाप मारून संस्कृतचा विचार करायला पुन्हा एकदा सांगितलं. वहिनींनी उरलेले पोहे ठेवून घ्यायला लावले. माझ्या दंडाला हात लावून त्या गेल्या.

मी भांडी घासायला घेतली. मुलगी म्हणाली, पोहे पुरे झाले, आता वरण-भात करू. तिनं तांदळाचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि त्या पेल्यानं दोन वेळा तांदूळ घेऊन पातेलीत घातले. पेला तिच्या हातात होता. मी नळ बंद केला.

"तो तारा काढ," मी म्हणालो.

"काय?"

"करवंटीवरचा. तो तारा चुकीचा आहे. काढून टाक."

"का?"

"मी पाहिली आहे ती करवंटी."

ती वळली. मी तिला काही महत्त्वाचं सांगतोय हे तिला कळलं होतं, पण काय ते माहीत नव्हतं. तिनं जे केलं ते मला आजही पटतं. तिनं मला जवळ घेतलं नाही, पाणी दिलं नाही, बाबा तू बस असं म्हणाली नाही. तिनं खिशातून फोन काढला, ओट्यावर तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. अलास्कात गावोगाव म्हाताऱ्या माणसांसमोर बसून ती हेच करत आली होती.

"सोर्स कोण?" तिनं विचारलं.

"तुझी आई," मी म्हणालो.

म्हटलं, आणि छप्पर कोसळलं नाही.

मग मी सांगितलं. तिच्या आईचं माहेर राजापूरजवळचं. त्या घरी तांदळाच्या पिंपात एक करवंटी असायची, आतून-बाहेरून हातांनी घासून गुळगुळीत झालेली, गडद तपकिरी. लग्नानंतर मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, जावई किती करवंट्यांचा भात खातात? मला तो प्रश्न कळला नव्हता. मग आम्ही इकडे आलो तेव्हा माझ्या बायकोनं साड्यांच्या मध्ये एक करवंटी बांधून आणली. मी म्हटलं होतं, अमेरिकेत मापं मिळतात. ती म्हणाली होती, मिळू देत. आमच्या पहिल्या अपार्टमेंटमध्ये हीटर जबर होता. एका हिवाळ्यात त्या कोरड्या हवेनं करवंटीला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

"मग आई रडली?" मुलीनं विचारलं.

तिनं विचारलं. ती 'आई' म्हणाली, आणि मी त्या शब्दाकडे लक्षच गेलं नाही असं दाखवून पुढे गेलो. नाहीतर पुढचं सांगता आलं नसतं.

"रडली कसली. कुकरच्या खोक्यातून हा पेला काढला, धुतला, पुसला आणि तांदळात ठेवला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, दोन करवंट्या तांदूळ काढून द्या. मी म्हटलं, ही करवंटी नाही, हे प्लॅस्टिक आहे, आणि याचं माप अमेरिकन कपाशीही जुळत नाही."

"तू मोजलंस?"

"लॅबमधून मोजपात्र आणलं होतं."

"बाबा!"

"ती म्हणाली, तुम्हाला भात हवाय की रिपोर्ट?"

मुलगी हसायला लागली. हसता हसता ती ओट्याला टेकली आणि खाली फरशीवर बसली, आणि मग ती हसत नव्हती. मीही तिच्या शेजारी बसलो. खाली बसल्यावर मला उठायला वेळ लागतो, पण त्या दिवशी उठायची घाई नव्हती. ती म्हणाली, मी तुझ्यासाठी गप्प राहिले. मी म्हटलं, मी तुझ्यासाठी. आम्ही दोघं शिकलेली माणसं आहोत, त्यातली एक पीएच.डी. होणार होती.

मला तुझ्या आईची फार आठवण येते, मी म्हणालो. ती म्हणाली, मला रोज येते. वाटायचं त्यापेक्षा हे सोपं होतं. दोन वर्षांत ते एकदाही का म्हणता आलं नाही, ते मला अजून सांगता येत नाही. फोन वर ओट्यावर चालूच होता. त्या रेकॉर्डिंगमध्ये पुढे बराच वेळ फक्त नाकं ओढल्याचे आवाज आहेत, असं तिनं मला नंतर सांगितलं. मग बोलणं सुरू झालं ते थांबेचना. त्या दुपारी आम्ही बाकीचंही सगळं काढलं. तिची आई पोळ्या करताना रागावली की लाटणं कसं आपटायची, बर्फ पडला की गाडीवर टाकायला माझी जुनी धोतरं कशी शोधायची, आणि मी गाडी पार्क करताना खिडकीतून खुणा करून मला नेमकी उलट दिशा कशी दाखवायची. वरण-भात संध्याकाळी झाला. तांदूळ दोन करवंट्याच होते, पण पाणी कुणी मोजलं नाही. भात गिचका झाला, आम्ही तो संपवला.

मे महिन्यात मी स्टेट कॉलेजला गेलो. शेवटचं भाषण ऐकायला बाहेरचे लोकही बसू शकतात. युनिव्हर्सिटीच्या एका इमारतीत छोटीशी खोली होती, समोर परीक्षक, मागे काही विद्यार्थी, तिची अपार्टमेंटमधली मैत्रीण आणि मी. मी सूट घातला होता. बाकी कोणी घातला नव्हता, परीक्षकांनीसुद्धा नाही.

सगळं इंग्लिशमध्ये झालं. बर्फाचे बूट, होडी, बर्च, मका. अस्वल आता स्लाइडवर आलं होतं. परीक्षक प्रश्न विचारत होते, पण आमच्या हॉलच्या मानानं ते फारच सौम्य होते. संस्कृतचं नाव कुणीच काढलं नाही. शिंगाच्या पळीनंतर तो पेला आला. तळाशी पिवळा पडलेला, रेघांचा. त्याच्याखाली लिहिलं होतं, तांदूळ मोजायची नारळाची करवंटी. मी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. आधी काही नव्हतं. जागा कोरी होती.

एका परीक्षक बाईंनी पान चाळून विचारलं, की इथे स्टार का नाही, मागच्या मसुद्यात तर होता.

"इट्स अटेस्टेड," माझी मुलगी म्हणाली. म्हणजे कुणीतरी हे खरंच बोललं आहे, आणि कुणीतरी ते ऐकलं आहे.

"बाय हूम?" बाईंनी विचारलं.

"माय आई," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. मी मागच्या रांगेत होतो, आणि मी हे तपासणीवाला म्हणून सांगतो. शब्द तिथपर्यंत स्वच्छ ऐकू आला.